खोटी गळती

भोंगा वाजतोय हे मंजुळेला लगेच कळलं. तो खोलीबाहेर वाजतोय हे कळायला मात्र थोडा वेळ लागला. टेबलावर एक चपटा स्पीकर होता, त्यातून खोटा भोंगा वाजायचा, कानाशी डास यावा तसा. तो आज गप्प होता. आवाज खिडकीतून येत होता, काच बारीक थरथरत होती, आणि खालच्या रस्त्यावरून आधी एक जण धावत गेला, मग पुष्कळ जण. समोरच्या पडद्यावर अमोनियाच्या टाकीखालचा पाइप हिरव्या रेषांनी काढलेला होता आणि त्याच्या एका सांध्यापाशी लाल ठिपका उघडझाप करत होता. तो ठिपका तिनंच दिलेला होता. सकाळचं काम सुरू करताना, कालच्यापेक्षा जरा वेगळं म्हणून, तिनं त्या सांध्याला गळती दिली होती, वारा वस्तीच्या दिशेनं वळवला होता आणि मग खुर्चीला पाठ टेकून बसली होती. कंटाळून, असं म्हणता आलं असतं. पण कंटाळ्याला निदान कशाची तरी वाट पाहायची असते. तिला नुसतं दमल्यासारखं व्हायचं, अलीकडे तर सकाळी दात घासायच्याही आधी.

कारखान्यात त्या खोलीला सगळे खोटा प्लांट म्हणत. खऱ्या कंट्रोल रूममध्ये असतात तशीच बटणं, तसेच काटे, तसेच दिवे इथे भिंतीवर होते; पण त्यांच्या मागे पाइप नव्हते, टाक्या नव्हत्या, एक कॉम्प्युटर होता. तो कॉम्प्युटर म्हणजेच कारखाना. भिंतीवरची झडप बंद केली की त्याच्या पोटात कुठेतरी प्रवाह थांबे, दाब चढे, काटा हले. अपघात मात्र त्याला आपणहून सुचत नसत. ते द्यायला माणूस लागे, आणि तो माणूस म्हणजे मंजुळा पागधरे. नव्या ऑपरेटरांना ती भिंतीसमोर बसवायची, स्वतः काचेमागे बसायची, आणि पंप बंद पाडायची, वीज घालवायची, झडपा अडकवायची. पहिल्या वर्षी ती रात्रभर अपघात रचत पडायची. कुठला काटा आधी हलेल, माणूस कशानं फसेल, फसला तर किती वेळात सावरेल. पण समोर बसलेल्यांना ठाऊक असायचं की यात कुणी मरत नाही. ते जांभया द्यायचे. "बाई, जेवणाआधी एक बारकीशी गळती देऊन टाका ना, म्हणजे सुटलो," म्हणायचे. गॅस सुटलाय, तुमचा जोडीदार खाली पडलाय, आता काय कराल, असं तिनं विचारलं की हमखास कुणीतरी म्हणे, "त्याच्या बायकोला कळवू," आणि सगळे हसत. आधी तीही हसली. मग हसेना. मग पुन्हा हसू लागली, कारण न हसण्यालाही बळ लागतं.

मग नरहरी आला. सांगलीकडचा, शिडशिडीत, शर्टाच्या खिशात नेहमी शाईचा डाग. त्यानं एक प्रोग्रॅम लिहायला घेतला होता, जो माणसासारखा काट्यांकडे बघेल, काय बिघडलंय ते ओळखेल आणि स्वतःच झडपा फिरवील. त्यानं त्याला भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं. पण तो सारखा इशारे देतो, सारखी चिंता करतो म्हणून ऑपरेटरांनी त्याला चिंतू म्हणायला सुरुवात केली आणि पुढे वरचे साहेबलोकही चिंतूच म्हणू लागले. चिंतूला शिकवायचं काम मंजुळेकडे आलं. खोटा कारखाना एका वायरनं चिंतूला जोडला, आणि ती काचेमागून त्याला अपघात देऊ लागली. समोरची खुर्ची रिकामी. जांभई नाही, विनोद नाही. ती गळती द्यायची आणि चिंतू तत्काळ कामाला लागायचा, जणू खरंच कुणाचा श्वास कोंडलाय. पंधराव्यांदा तीच गळती दिली तरी पहिल्या खेपेसारखाच. खोटं म्हणजे काय हे त्याला माहीतच नव्हतं. त्याच्यापुढे येणारे आकडे म्हणजेच सारं जग. संध्याकाळी मशीन बंद करताना तिला कधीकधी उगाच त्याची कणव यायची, आणि ती येते याची लाज वाटायची.

त्या वर्षी, म्हणजे त्र्याण्णव साली, चिंतूला खऱ्या कारखान्याशी जोडायचं ठरलं. एकदम नाही, हळूहळू. आधी त्यानं खरे काटे नुसते पाहायचे. झडपांना हात लावायचा नाही. हुकूम सोडायचा झालाच तर फक्त भोंग्यासाठी, कारण, सेफ्टीचे नागोराव मीटिंगमध्ये म्हणाले होते, भोंग्यानं कुणाचं काय बिघडतं? भिंतीवर दोन खटके बसवले. एकानं चिंतूनं बघायचं ते खोट्या कारखान्यातून की खऱ्या, ते ठरे. दुसऱ्यानं त्याचा हुकूम कुठे जायचा, ते. आदल्या दिवशी नरहरीनं दोन्ही खऱ्याकडे करून पाहिले होते. सकाळी मंजुळेच्या कामासाठी त्यानं पहिला खोट्याकडे आणला. दुसरा तसाच राहिला. इतकंच झालं होतं. डोळे खोट्या जगात आणि तोंड खऱ्या जगात.

"मॅडम, हा आवाज कुठून येतोय?" नरहरी दारात उभा होता. मग त्यानं भिंतीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. खटका फिरवून उपयोग नव्हता. एकदा सुरू झालेला भोंगा चिंतूनं सांगितल्याशिवाय थांबत नसे. "गळती बंद करा, मॅडम, लवकर!" तिनं गळती बंद केली. लाल ठिपका विझला. पण चिंतू थांबला नाही. त्याच्या पुढच्या हवेत अमोनिया अजून पसरलेला होता, आणि हवा निवळल्याखेरीज भोंगा थांबवायचा नाही हे तिनंच त्याला महिनाभर घोकून शिकवलं होतं. घाई करणाऱ्या ऑपरेटरांवर चिडून तिनं खोट्या वाऱ्याचा वेग मुद्दाम कमी ठेवला होता. आता तो वारा तिच्या पडद्यावर रमतगमत वाहत होता. नरहरी भोंग्याच्या शेडकडे वायर ओढायला धावला. जिन्यावर त्याची चप्पल निसटल्याचा आवाज आला. मंजुळा बसून राहिली. तिनं फोन उचलायला हवा होता, खिडकीतून ओरडायला हवं होतं की काही नाही, परत फिरा. हात टेबलावरून उठलाच नाही. ती ऐकत होती. इतकी वर्षं तिनं रचलेल्या अपघातांना एका डासाइतका आवाज होता. आज तिच्या एका गळतीसाठी सारं बोईसर धावत होतं, दुकानांची शटरं खाली येत होती, कुणीच हसत नव्हतं. आणि तिला बरं वाटलं. हे तिनं नंतर पुष्कळदा उलटंसुलटं करून पाहिलं, घाबरले असेन, बधिर झाले असेन, असं स्वतःला सांगून पाहिलं, पण नाही. भोंगा बंद पडेपर्यंतच्या त्या थोड्या वेळात तिला बरं वाटलं होतं, खूप दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं.

मंजुळेच्या लहानपणी, समुद्रकाठच्या दांडी गावात, त्यांच्या अंगणापुढे बोंबील वाळवायच्या बांबूंच्या रांगा होत्या. दुपारी आई आत कलंडली की मंजुळा आणि तिचा धाकटा भाऊ भिका त्या रांगांखाली बसून बोटीचा खेळ खेळत. ही वाळू म्हणजे समुद्र, हा सुपाचा तुकडा म्हणजे वल्हं. बोट कधी बुडवायची ते मंजुळा ठरवी. "पाणी आला!" ती म्हणायची, आणि भिका गाल फुगवून श्वास धरायचा. ती "पाणी सरला" म्हणेपर्यंत सोडायचाच नाही. एकदा ती बोलायची विसरली, की मुद्दाम थांबली, आणि भिकाचे ओठ काळेनिळे पडून तो वाळूत आडवा झाला. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं विचारलं, "सरला काय पाणी?" आता भिका गुजरातेत, ओख्याच्या मासेमारी बोटींवर असतो. वर्षाकाठी एकदा येतो आणि कुणी काही सांगितलं की बघू, म्हणतो. कुणाचंच काही खरं धरत नाही. तसा विश्वास पुन्हा तिला कुणाच्या डोळ्यांत दिसला नाही, आणि चिंतूला तर डोळेच नव्हते.

दुपारी नागोरावांनी दोघांना बोलावलं. नागोराव परभणीकडचे, निवृत्तीला टेकलेले, बोईसरच्या दमट हवेत इतकी वर्षं काढूनही सारखे रुमालानं मान पुसणारे. नरहरी उभ्याउभ्या रडण्याच्या बेतात होता. "बसा," नागोराव म्हणाले. "कुणी मेलं नाही. स्टेशनावर दोघंतिघं पडलेत, खरचटलंय. एवढ्यावर निभावलं." मग त्यांनी टेबलावरची फाइल मिटली. "रंगीत तालीम होती. मी कलेक्टर ऑफिसला तसंच कळवलंय. पागधरेबाई, तुम्हालाही कुणी विचारलं तर तालीम होती म्हणायचं. ह्या पोराची नोकरी राहील, तुमची राहील, माझंही जे काय उरलंय ते."

मंजुळेनं मान हलवली. नाही म्हणायचं तिच्या मनात आलंच नव्हतं, हेही तिला बसमध्ये चढल्यावर कळलं.

पालघरला स्टेशनजवळ तिच्या नवऱ्याचे, कमलाकांतचे, टायपिंगचे वर्ग होते. एकेकाळी दुपारी तिथून गेलं तर पत्र्यावर गारा पडाव्यात तसा मशीनचा आवाज यायचा. आता पोरंपोरी कॉम्प्युटरच्या क्लासला जात, आणि मागच्या रांगेतल्या मशीनांवर त्यानं जुन्या साड्या टाकून ठेवल्या होत्या. घरी जाताना ती रोज तिथे थांबे आणि दोघं बरोबर निघत. त्या दिवशी वर्गात कुणीच नव्हतं. कमलाकांत फोनपाशी बसला होता.

"बोईसरला गॅस सुटला म्हणतात," तो म्हणाला. "सकाळपासून गावभर तेच चाललंय."

"तालीम होती."

"तालीम." त्यानं हा शब्द जरासा तोंडात घोळवला. "मला वाटलं, फोन येईल."

"लाइनी मिळत नव्हत्या."

"हो, नसतीलच मिळत." तो उठला, त्यानं दिवे मालवले, कुलूप लावलं. वाटेत त्यानं रोजच्यासारखी भाजी घेतली, मेथी निवडून घेतली, सुट्ट्या पैशांवरून भाजीवालीशी रोजच्यासारखा वाद घातला. मंजुळा पिशवी धरून उभी होती. दिवसभर हा माणूस फोनपाशी बसून राहिला होता; वर्ग सोडून दिले असणार, जेवणाचा डबाही उघडलेला नव्हता, पिशवीत तो जड लागत होता. आणि आपल्याला त्या वेळात हा आठवलाही नव्हता. दोन वाक्यांत सांगून टाकता आलं असतं. पण सांगायचं तर बरं वाटलं होतं तेही सांगावं लागलं असतं, आणि त्यावर कमलाकांत काही बोलला नसता, नुसता चालत राहिला असता. तेवढं सोसायची त्या संध्याकाळी तिच्यात ताकद नव्हती.

दोन-तीन दिवसांनी नागोरावांनी तिला पाड्यावर पाठवलं. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून, वाणगावकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्याच्या अलीकडे, वारल्यांची वस्ती होती. कारखाना आला तेव्हाही होती. दोन वर्षांमागे भोंगा नवा बसवला तेव्हा पाड्यावर समजावून सांगायला मंजुळेलाच नेलं होतं, ती इथलीच, तिची बोली त्यांना कळेल म्हणून. "त्यांना तुमचा चेहरा ओळखीचा आहे," नागोराव म्हणाले. "तालीम होती म्हणून सांगा, आणि बरे पळालात म्हणून शाबासकी द्या."

ती गेली तेव्हा अंगणात लाडकी नावाची जाडजूड बाई सुपात नागली पाखडत होती. मंजुळेला बघून तिनं सूप खाली ठेवलं नाही. "तालीम व्हती म्हंजी खोटा व्हता ना?" मंजुळेचं बोलणं पुरतं व्हायच्या आत तिनं विचारलं. "माझी कोंबडी गेली त्यात. घर उघडा टाकून पळाली मी, आली तवा कोंबडी नाय. परत वाजवा तुमी, मी त हालत नाय."

"हलायचं नाही असं करू नका, लाडकीबाय. पुढल्या वेळी खरा असला तर?"

"आमाला काय कळंल खरा का खोटा?"

आजूबाजूला आणखी दोघी-तिघी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या मागे, शेवटच्या झोपडीच्या दाराशी, कुडाच्या भिंतीला टेकून एक तरुण बाई बसली होती आणि कुणाकडेच बघत नव्हती. "ती नवसी," लाडकीनं हनुवटीनं दाखवलं, आवाज जरा उतरवून. "तिचा घरवाला भिवंडीकडं वीटभट्टीला गेलाय. घरात सासरा हाय, जिवल्या डोसा, पार म्हातारा. त्याचे पाय गेलेत. भोंगा वाजला नि ही दोन पोरां घेऊन पळाली. डोसा ऱ्हायला घरात."

"मग?"

"मंग काय? काय झाला नाय. गॅसच नव्हता त काय व्हईल? पन तवापासना ही बोलत नाय कोनाशी."

मंजुळा नवसीजवळ जाऊन बसली. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं मुलांची नावं विचारली. नवसीनं सांगितली. मग जमिनीकडे बघतच म्हणाली, "तुमीच सांगितला व्हता ना, बाय. भोंगा वाजला का पळायचा, मागं बघायचा नाय. मी नाय बघला."

हो, सांगितलं होतं. इंग्रजी पुस्तिकेत तसं वाक्य नव्हतं. ते तिनं आपल्या पदरचं घातलं होतं, बायका परत वळून भांडीकुंडी गोळा करत बसतील म्हणून. बोलण्याच्या भरात वाक्य चांगलं जमलं होतं. लोकांनी माना डोलावल्या होत्या. तेव्हा या गर्दीत ही नवसीही कुठेतरी असेल, कडेवर मूल घेऊन, प्रत्येक शब्द खरा मानून ऐकत. एकसारखे खोटे अपघात देताना ती नेहमी विचारायची, यात माणूस कुठे चुकेल? इथे कुणीच चुकलं नव्हतं. चिंतूनं शिकवलं तसंच केलं होतं, नवसीनं सांगितलं तसंच केलं होतं.

आतून खोकल्याचा आवाज आला आणि मग एक घोगरा, पण तसा खुशीतला आवाज. "कोन हाय? कंपनीची बाय? आत ये ना, बाहेर कां बसली?"

आत अंधार होता. सारवलेल्या जमिनीवर गोधडीत जिवल्या बसला होता, कुडाला पाठ लावून. दात नव्हते, डोळे मात्र चलाख होते. "मी ऐकला भोंगा," तो म्हणाला. "लय वेळ वाजला. मी म्हटला, चला, आपला नंबर लागला. वास येल म्हणून बसून ऱ्हायलो. वास नाय, काय नाय. मंग भूक लागली." तो हसला. मग हसू आवरून दाराकडे बघत त्यानं आवाज लहान केला. "तिला सांग तू, बाय. ती गेली ते बेस केला. दोन पोरां हायत, मला काय उचलून नेल ती? मी सांगतो त ऐकत नाय. भाकर ठेवते नि तोंड फिरवते. माझे तोंडाकडं बघत नाय ती. मी काय बोललो काय तिला?"

नवसी बाहेर आहे, ऐकते आहे, हे दोघांनाही माहीत होतं. मंजुळा उठून दारात आली. तालीम होती हे शब्द तिच्या जिभेवर होते, या दोन-तीन दिवसांत ते इतक्यांदा बोलून झाले होते की आपसूक आले असते. ती म्हणाली, "तालीम नव्हती ती. चूक झाली. कंपनीत एक यंत्र आहे, त्याला वाटलं गॅस सुटला."

लाडकीचं सूप थांबलं. "त्याला कां वाटला? कोनी सांगितला?"

"मी."

मागे कारखान्याचा एकसुरी घरघराट होता, तो या लोकांना आता ऐकूही येत नसावा. मंजुळा बोलत राहिली. ते यंत्र काय आहे, त्याला खोटा गॅस खरा कसा वाटतो, भोंगा कसा वाजला. आणि म्हणून पुढल्या वेळी भोंगा वाजला तर पळाच, मागल्या खेपेला तुम्ही उगाच पळाला नव्हता, तुमचं काही चुकलं नव्हतं, चूक आमची होती. सांगताना आपण नवसीसाठी सांगतोय असं तिला वाटत होतं. गॅस नव्हताच हे कळलं की तिच्या मनावरचं उतरेल, अशी काहीतरी भाबडी कल्पना. नवसीनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "गॅस खोटा व्हता," ती म्हणाली. "मी त खरीच पळाली ना."

परत आल्यावर मंजुळेनं नागोरावांना सांगितलं, की मी पाड्यावर खरं सांगून आले. नागोरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. रागावतील असं तिला वाटलं होतं; ते रागावले असते तर हलकं वाटलं असतं. "बरं," ते म्हणाले. "मी हे ऐकलं नाही." मग खिडकीबाहेर बघत, "आता आधीची तालीम होती हे खरं ठरवायला एक तालीम घ्यावी लागेल. वरून तसं आलंय. पुढच्या आठवड्यात. रिक्षा फिरवून आधी सांगू गावात. अपघात तोच द्या, चिंतूलाच वाजवू द्या भोंगा, म्हणजे त्याचीही चाचणी होईल."

"नरहरी देईल," ती म्हणाली. "मी नाही देणार, साहेब. मी त्या वेळी पाड्यावर असेन."

"तिथे काय करणार?"

"माहीत नाही. कुणीतरी असावं."

नागोराव मान पुसत होते. "बरं, असा तिथे," ते म्हणाले. त्यांना वाद घालायचा नव्हता. त्या कारखान्यात त्या दिवसांत कुणालाच कशाबद्दल वाद घालायचा नव्हता, असं तिला वाटलं. सगळे एका लांबलेल्या शिफ्टच्या शेवटी उभे असल्यासारखे. फक्त चिंतू तेवढा ताजातवाना होता. त्या संध्याकाळी टायपिंगच्या वर्गात, कमलाकांत कुलूप हातात घेऊन उभा असताना, तिनं त्याला सगळं सांगितलं. बरं वाटलं होतं तेही. तो साडीनं झाकलेल्या एका मशीनवर टेकला. म्हणाला, "मी मात्र घाबरलो होतो," आणि तेवढंच बोलून त्यानं कुलूप लावलं. भाजीवालीपाशी तो थांबला नाही.

तालमीच्या सकाळी ऊन छान होतं. आदल्या दिवशी रिक्षा सांगून गेली होती: भोंगा वाजेल, ती तालीम आहे, कुणीही घाबरून जाऊ नये, सूचनांप्रमाणे मोकळ्या जागी जमावं. पाड्यावर कुणीही जमायच्या बेतात नव्हतं. लाडकी अंगणात पाखडत होती, दोन बकऱ्या तिच्या सुपावर डोळा ठेवून होत्या. तिनं मंजुळेला बसायला पाट दिला. "आज त खोटाच ना?" तिनं खात्री करून घेतली.

"आज खोटाच."

भोंगा वाजला तेव्हा तो अगदी डोक्यावर वाजतोय असं वाटलं. बकऱ्या दचकल्या, मग पुन्हा सुपाकडे वळल्या. लाडकी काहीतरी बोलली, ते ऐकू आलं नाही. मंजुळेला वाटलं, आता तिकडे पडद्यावर तो लाल ठिपका उघडझाप करत असेल, नरहरी दोन्ही खटके पुन्हा पुन्हा तपासत असेल, आणि चिंतू जीव तोडून सगळ्यांना वाचवत असेल. इथे कुणी जागचं हललेलं नव्हतं. शेजारच्या झोपडीतून एक म्हातारी बाहेर आली, तिनं आकाशाकडे पाहिलं आणि आत गेली.

मग शेवटच्या झोपडीच्या दारातून नवसी निघाली. वाकून, दाराच्या चौकटीला एका हातानं धरत. तिच्या पाठीवर जिवल्या होता. जुन्या लुगड्यानं तिनं त्याला स्वतःशी घट्ट बांधला होता, लेकरू बांधतात तसा. त्याचे वाळके पाय दोन बाजूंना लोंबत होते आणि तो रागानं काहीतरी ओरडत होता. दोन पोरं तिच्या पुढे होती. अंगणात येऊन ती क्षणभर डुगडुगली. मंजुळा उठली, पण नवसीनं मानेनंच नको म्हटलं, पाय सावरले आणि रस्त्याकडे चालू लागली.

"अगो, खोटा हाय तो!" लाडकी ओरडली. "नवसे! खोटा हाय!"

नवसीला ऐकू गेलं असेल किंवा नसेल. मंजुळेनं दारातली गोधडी उचलली, का ते न कळता, आणि ती त्यांच्या मागे निघाली. कच्च्या रस्त्यावर नवसीच्या टाचा धुळीत खोल उमटत होत्या. तिचा श्वास जवळ गेल्यावर ऐकू येऊ लागला, भोंग्याच्याही आतून. जिवल्या तिच्या कानाशी वाकून सारखा बोलत होता.

"उतरव मला. पोरी, उतरव सांगतो. उगाच मरशील."

"गप बसा तुमी."

"लोकां हासतात."

"हासू दे."

"तिकडना नको जाऊ, तिकडं काटे हायत. खालची वाट धर."

"मंग तुमीच चाला ना पुढं," नवसी धापा टाकत म्हणाली, आणि म्हाताऱ्यानं तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून फिसकन हसू सोडलं. ती खालच्या वाटेला वळली. मागे भोंगा थांबला. तिकडची हवा निवळली असणार. नवसी थांबली नाही. वाणगावच्या बाजूला उतार लागतो तिथे कडेला सावलीचं एकही झाड नव्हतं, उन्हानं म्हाताऱ्याचं टक्कल चमकत होतं, म्हणून मंजुळेनं चालता चालता गोधडी उलगडली आणि त्या दोघांच्या डोक्यांवर धरली.